एप्रिलमधल्या मेट्सविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो आणि न्यू यॉर्क मेट्स हा बेसबॉल संघ माझा आहे. म्हणजे मी त्यांचा आहे. त्यांना याची कल्पना नाही. दर एप्रिलला मला तेच ते प्रश्न येतात. रविवारच्या फोनवर पुण्याचे काका विचारतात, ऑफिसात डबा खाताना लोक विचारतात, घरी लेक विचारते. बायको विचारत नाही, नुसती बघते. प्रत्येकाला वेगवेगळं सांगताना एकदोनदा मीच माझं म्हणणं खोडून काढलं, म्हणून सगळी उत्तरं एकदाची लिहून ठेवली. दर वर्षी धूळ झटकून हीच पुढे करतो.

काय रे, यंदा तुझी टीम कशी आहे?

माहीत नाही, काका. कालच्या मॅचची, नऊपैकी सातवी इनिंग चेंडू-चेंडू करून सांगतो हवं तर. कोणाचा खांदा दुखतोय, कोणाचा मांडीचा स्नायू ताणलाय, तेही सांगतो. टीम कशी आहे ते जूनमध्ये विचारा. आणि जूनमध्ये मी सांगेन त्यावरही फार विसंबू नका. २०२५ ची गोष्ट पुढे येतेच आहे.

वीस मॅच होऊन गेल्या आणि अजून माहीत नाही?

वीस म्हणजे फार वाटतात, कारण आपल्या डोक्यात आयपीएल असते. तिथे साखळीत प्रत्येक संघाच्या १४ मॅच. इथे १६२. वीस मॅच म्हणजे हंगामाचा जेमतेम आठवा भाग. आयपीएलच्या मापात धड दोन मॅचसुद्धा झालेल्या नाहीत. दोन मॅचनंतर कोणी गुणतक्ता घेऊन बसलं तर तुम्हीच त्याला हसाल.

आता एक खेळ करून बघा. तीसच्या तीस संघ अगदी सारख्या ताकदीचे आहेत असं धरा, आणि प्रत्येक मॅच म्हणजे नाणेफेक. तरीसुद्धा वीस मॅचनंतर त्यातल्या एखाद-दोन संघांच्या नावावर १४ किंवा जास्त विजय असतील. सात-आठ संघ १२ किंवा त्याहून जास्त जिंकलेले असतील, आणि तितकेच संघ ८ किंवा त्याहून कमी. एवढं सगळं नुसतं नाणं उडवून. मग टीव्हीवर तिघं कोट घालून बसतात आणि त्या नाण्याचं मनोबल कसं उंचावलंय यावर तासभर बोलतात.

शिवाय बेसबॉलमध्ये चांगला संघही ढिगानं हरतो. मेट्सचा आजवरचा सर्वांत तगडा संघ १९८६ चा: १०८ विजय, ५४ पराभव, वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, खिशात. म्हणजे तेही दर तीन मॅचमागे एक हरतच होते. आणि १९६२ मध्ये, संघ जन्माला आला त्या वर्षी, पहिल्या नऊच्या नऊ मॅच हरून शेवटी १२० पराभवांवर पोचलेला मेट्स संघसुद्धा ४० वेळा जिंकलाच होता. सर्वोत्तम आणि सर्वांत वाईट यांच्यात रोजच्या रोज दिसेल असं अंतर या खेळात नसतं. ते साचत साचत सप्टेंबरमध्ये दिसतं.

पण बॅटर आउट होतोय हे तर दिसतं ना? त्याचा फॉर्म गेलाय हे कळायला गणित कशाला?

काकांचा हा प्रश्न क्रिकेटमधून येतो, आणि तिथे तो रास्तही आहे. पण इथे दहापैकी सात वेळा आउट होणारा माणूस मोठा खेळाडू समजतात. एप्रिलअखेर एखाद्याला साधारण शंभर संधी मिळालेल्या असतात. हिट म्हणजे बॅटरला सुखरूप बेसवर, धावेच्या फेरीतल्या टप्प्यावर, पोचवणारा फटका. त्यात तीस हिट म्हणजे .३००, लोक त्याच्या नावाचा शर्ट घेतात. पंचवीस हिट म्हणजे .२५०, लोक म्हणतात ठीक आहे. फरक पाच हिटचा. महिन्याभरात पाच! दोन चेंडू हातभर पलीकडे पडायचे ते क्षेत्ररक्षकाच्या हातात गेले, एक लेफ्ट फील्डरनं झेप घेऊन पकडला, एक वाऱ्यानं आत आणला, एक पहिल्या बेसवर अर्ध्या पावलानं हुकला. झाला फॉर्म.

तुमच्याकडेही ‘पहिली मॅच देवाला’ असतं का?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न, आणि उत्तर उलटं आहे.

मुंबई इंडियन्स २०१३ पासून २०२५ पर्यंत दर वर्षी पहिली मॅच हरले आणि त्यांची पाचही विजेतेपदं याच काळातली आहेत. पाचही वेळा आधी देवाला नैवेद्य, मग करंडक. २०१५ ला तर ओळीनं चार मॅच दिल्या आणि तरी जिंकले. मेट्सचं याच्या बरोबर उलट: हंगामाची पहिली मॅच जिंकण्यात त्यांची टक्केवारी सगळ्या लीगमध्ये अव्वल आहे. पहिला दिवस आमचा. बाकीचं वर्ष देवाला.

गंमत म्हणजे सुरुवातीची आठ वर्षं मेट्स दर वेळी पहिली मॅच हरत होते. त्यातलं आठवं वर्ष १९६९. त्या दिवशी समोर होता माँट्रियलचा संघ, जो आयुष्यातली पहिलीच मॅच खेळत होता. त्या नवख्यांकडून आपल्या घरच्या मैदानावर मेट्स ११-१० असे हरले. पुढेही फार काही चांगलं नव्हतं. १८ विजय, २३ पराभव. मग ओळीनं अकरा जिंकले, आणि वर्षअखेर १०० विजय मिळवून वर्ल्ड सिरीज घेऊन गेले. त्यानंतर पहिली मॅच जिंकायची सवय लागली, आणि विजेतेपद मात्र आणखी एकदाच आलं. दोन्हींचा संबंध जोडू नये हे मला कळतं. तरी पहिल्या मॅचला आघाडी मिळाली की माझ्या पोटात जरा कालवतंच.

२०२४ ला नक्की काय झालं होतं? तू फोनवर रडत होतास म्हणे.

रडत नव्हतो. सर्दी होती.

पहिली मॅच पावसानं एक दिवस पुढे गेली, तिथपासूनच लक्षण ठीक नव्हतं. मग मिलवॉकीनं घरच्या मैदानावर येऊन तीन मॅच घेतल्या. डेट्रॉइटविरुद्ध आणखी दोन गेल्या. पाच मॅच, पाच पराभव. ४ एप्रिलला एकाच दिवशी दोन मॅच होत्या. दुसरीतही मेट्स शेवटच्या इनिंगपर्यंत मागे. पीट अलॉन्झोनं होमरन, म्हणजे इथला सिक्सर, मारून बरोबरी केली आणि टायरोन टेलरच्या फटक्यावर २-१ अशी हंगामातली पहिली मॅच जिंकली. ही मॅच लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

संघाचा मुख्य माणूस फ्रान्सिस्को लिंडोर. त्याची बॅट एप्रिलमध्ये इतकी गप्प होती की मैदानात त्याच्याविरुद्ध ओरडा सुरू झाला. मग काही प्रेक्षकांनी टूम काढली की ओरडायचं नाही, तो खेळायला आला की उभं राहून टाळ्या वाजवायच्या. कल्पना उसनी होती, आणि तीही फिलाडेल्फियाकडून, म्हणजे भावकीतल्या वैऱ्याकडून; त्यांनी आदल्या ऑगस्टमध्ये ट्रे टर्नरला असंच सावरलं होतं. मीही टाळ्या वाजवल्या. शेजारच्या आजोबांनी वाजवल्या नाहीत. ते म्हणाले, मी १९६२ पासून येतोय, मला फसवू नका.

टाळ्यांनी लगेच काही झालं नाही. मे महिन्याच्या अखेरीस लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी येऊन धुतलं, आणि त्यातल्या शेवटच्या मॅचला एका रिलिव्हरनं, म्हणजे मधेच बदली येणाऱ्या पिचरनं (गोलंदाजानं), मैदानातून बाहेर काढल्यावर आपला ग्लव्ह रागानं प्रेक्षकांत भिरकावला. त्या दिवशीचा हिशेब २२ विजय, ३३ पराभव. मॅच संपल्यावर लिंडोरनं फक्त खेळाडूंची बैठक बोलावली. बैठकीनंतरही २४-३५ पर्यंत घसरण झालीच, हे लोक गोष्ट सांगताना गाळतात.

मग जून. ९ तारखेचा रविवार मी मरेपर्यंत विसरणार नाही. आमच्यापासून गाडीनं दीड-दोन तासांवर लाँग आयलंडला भारत-पाकिस्तान मॅच चालू होती, आणि न्यू यॉर्कचे मेट्स त्याच सकाळी लंडनला फिलाडेल्फियाशी खेळत होते. जगाची उलथापालथ झाल्यासारखं वाटत होतं. टीव्हीवर क्रिकेट, मांडीवरच्या टॅबवर बेसबॉल. भारत ११९ मध्ये आटोपलेला. इकडे शेवटच्या इनिंगला मेट्स एका धावेनं पुढे आणि फिलाडेल्फियाचे तिन्ही बेस भरलेले, म्हणजे तीन माणसं धावायला टपलेली. चेंडू पुढ्यातच घरंगळला, कॅचर लुईस टोरेन्सनं उचलला, होमप्लेटवर, जिथे धाव पुरी होते तिथे, पाय ठेवून पहिल्या बेसला फेकला, दोन आउट, मॅच खलास, ६-५. मग भारतही सहा धावांनी जिंकला. त्या रविवारी मी लॉटरीचं तिकीट घ्यायला हवं होतं.

तीन दिवसांनी मॅकडॉनल्ड्सचा तो जांभळा, गुबगुबीत ग्रिमेस आला आणि त्यानं मैदानावर पहिला मानाचा चेंडू टाकला. त्या मॅचपासून मेट्स ओळीनं सात जिंकले. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. माझी लेक तेव्हा सहा वर्षांची होती, तिच्याकडे होतं.

शेवट: ३० सप्टेंबर, अटलांटा. आठव्या इनिंगपर्यंत ०-३ मागे, मग सहा धावा, मग अटलांटाच्या चार, आणि नवव्या इनिंगला त्याच लिंडोरचा दोन धावांचा होमरन. ८-७. प्लेऑफ पक्कं. तिथून मिलवॉकीत अलॉन्झोचा होमरन, मग फिलाडेल्फियाला घरी पाठवणं, आणि डॉजर्सकडून सहाव्या मॅचला हरणं. लिंडोर त्या वर्षी सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात दुसरा आला. एप्रिलमध्ये त्याला विका म्हणणाऱ्यांत मी नव्हतो. मी गप्प होतो, पण ते वेगळं.

मग २०२५ ला काय बिघडलं? तेव्हा तर पहिल्या नंबरवर होता.

होतो. १२ जूनला ४५ विजय, २४ पराभव. सगळ्या लीगमध्ये त्याहून चांगला हिशेब कोणाचाच नव्हता. बायकोनं विचारलं, दिवाळीच्या फराळाला लोकांना ऑक्टोबरात बोलवू का? मी म्हटलं, ऑक्टोबरच्या तारखा एवढ्यात देऊ नकोस, वर्ल्ड सिरीज असेल. हे वाक्य आमच्या घरी अजून जेवताना वाढलं जातं.

त्याच १२ जूनच्या मॅचमध्ये आमचा पिचर कोदाई सेंगा पहिला बेस झाकायला धावला, उंच आलेला चेंडू उडी मारून घेतला आणि मांडीचा मागचा स्नायू धरून खाली बसला. तिथून पुढच्या ९३ मॅचमध्ये मेट्सनी ३८ जिंकल्या, ५५ हरल्या. एकूण ८३-७९. सिनसिनाटीचेही तेवढेच, पण आपसातल्या मॅचमध्ये ते सरस, म्हणून ते आत आणि आम्ही बाहेर.

शेवटचा दिवस २८ सप्टेंबर, रविवार. नवरात्र चालू होतं, शाळेच्या हॉलमध्ये भोंडला. बायका हत्तीभोवती फेर धरून गात होत्या आणि मी मागच्या खुर्चीवर फोनमध्ये मायामीची मॅच बघत होतो. सिनसिनाटी तिकडे हरत होते, म्हणजे आम्ही नुसते जिंकलो असतो तरी चाललं असतं. पाचव्या इनिंगला तिन्ही बेस भरलेले, अलॉन्झोनं असा सणसणीत चेंडू मारला की माझ्या तोंडून आवाज निघाला. थेट लेफ्ट फील्डरच्या हातात. हातभर इकडे-तिकडे गेला असता तर आज हे उत्तर निराळं असतं. ०-४ हरलो. खिरापत काय होती ते मला आठवत नाही, आणि भोंडल्याला जाऊन खिरापत न आठवणारा माणूस घरात एकटा मीच.

दोन्ही वर्षी सुरुवातीनं फसवलं. मग एप्रिलमध्ये बघायचं तरी काय?

गुणतक्ता सोडून बाकी पुष्कळ काही.

मी सर्वांत आधी बघतो ते स्टार्टर, म्हणजे मॅच सुरू करणारा पिचर, किती इनिंग टिकतोय. तो सहा इनिंग खेचतो तेव्हा बुलपेनमधल्या, म्हणजे बदली पिचरच्या कट्ट्यावरच्या, लोकांना विश्रांती मिळते. तो पाचव्यातच दमला की उरलेल्या चार इनिंग तीन-चार जणांना वाटून घ्याव्या लागतात, आणि हे रोज झालं की जुलैपर्यंत सगळे पिचर पिळून काढलेल्या फडक्यासारखे होतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये मेट्सच्या स्टार्टर्सचे आकडे झकास होते: धावा फार थोड्या जात होत्या. पण ते टिकत नव्हते. ही तडा गेलेली भिंत रंगाखाली दिसत होती, आणि मी रंगाचं कौतुक करत होतो. पुढे सेंगा गेला, मग ग्रिफिन कॅनिंगच्या टाचेची शीर तुटली, शॉन मनाया तर हंगामाच्या आधीपासूनच जखमी. डेव्हिड पीटरसन सोडला तर सहावी इनिंग संपवणारा माणूस आठवडेच्या आठवडे दिसेना. वर्षभरात चाळीसहून जास्त पिचर वापरले. काही नावं तर मला शर्टाच्या पाठीवर वाचून कळली.

दुसरं, चेंडूचा वेग. पिचरनं मॅच जिंकली की हरली हे सोडा; गेल्या वर्षी ताशी ९६ मैलांनी टाकत होता आणि यंदा ९४ नी टाकतोय का, हे बघा. थंडीत थोडा वेग कमी असतोच, पण मे उजाडला तरी परत आला नाही तर काहीतरी दुखतंय आणि तो सांगत नाहीये.

तिसरं, वॉक (चार वाईट चेंडू सोडून फुकट मिळालेला पहिला बेस) आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट). यात क्षेत्ररक्षक नाहीत, वारा नाही, नशिबाचा वाटा कमी. बॅटर वाईट चेंडू सोडतोय का, पिचर त्याला हुकवतोय का, हे दोन माणसांमधलं भांडण आहे आणि ते लवकर खरं बोलतं. हुआन सोतोचं उदाहरण घ्या. १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलरचा करार करून तो २०२५ ला आला आणि पहिले दोन महिने त्याची सरासरी बघून लोक दर चेंडूचा भाव काढत होते. पण तो वॉक घेत होता. वाईट चेंडूला बॅट लावत नव्हता. नजर जागेवर असलेल्या माणसाचं फार दिवस बिघडत नाही. वर्षअखेर ४३ होमरन, १२७ वॉक, आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना ३८ चोरलेले बेस, म्हणजे फटक्याविना पळून गाठलेले.

चौथं म्हणजे धावांचा फरक. एक सोपी युक्ती सांगतो, बिल जेम्स यांची, बेसबॉलवाले पायथागोरसच्या नावानं ओळखतात. आपण केलेल्या धावांचा वर्ग करा, समोरच्यांनी केलेल्यांचा वर्ग करा. आपला वर्ग भागिले दोन्हींची बेरीज. समजा वीस मॅचमध्ये १०० धावा केल्या, ८० दिल्या: १०,००० भागिले १६,४००, म्हणजे ६१ टक्के. वीस मॅचला साधारण १२ विजय. प्रत्यक्षात १५ जिंकलेले असाल तर तीन विजय बोनस समजा आणि फराळाची तारीख देऊन टाका.

थंडीचा खरंच एवढा परिणाम होतो का, की बहाणा?

होतो. गार हवा दाट असते, चेंडूला जास्त अडवते. जुलैत कुंपणापलीकडे जाणारा फटका एप्रिलमध्ये कुंपणाच्या अलीकडे झेलला जातो. चेंडू गुळगुळीत लागतो, बोटांना पकड मिळत नाही, त्यामुळे पिचरचाही चेंडू सुटतो. आमचं मैदान सिटी फील्ड तर फ्लशिंगच्या खाडीजवळ. रात्री तिथून वारा येतो तेव्हा ऊसाचा रस विकणाऱ्याचंही दिवाळं निघेल.

थंडी दोन्ही संघांना सारखीच, हे बरोबर. पण ज्याची सगळी मदार होमरनवर त्याचं जास्त नुकसान, आणि नुसता एप्रिल बघून त्याला मोडीत काढणं चूक.

म्हणजे एप्रिलच्या मॅचना काही अर्थच नाही?

इथे मात्र थांबा. घरी माझं म्हणणं अर्धंच ऐकलं जातं, ते हे.

एप्रिल भविष्य सांगत नाही, हे खरं. २०१८ ला मेट्स ११ जिंकून १ हरले होते, मी ओळखीच्या प्रत्येकाला फोन केला, आणि वर्षअखेर ७७-८५. २०२३ ला टँपा बे पहिल्या तेराच्या तेरा जिंकले आणि ऑक्टोबरात पहिल्याच फेरीत दोन मॅचमध्ये घरी गेले. उलट वॉशिंग्टन २०१९ ला १९-३१ वरून विजेते झाले. हां, डेट्रॉइट १९८४ ला ३५-५ नं सुरू झाले आणि खरंच विजेते झाले. बॉल्टिमोर १९८८ ला पहिल्या एकवीस मॅच हरले आणि खरंच भिकार निघाले. टोकाला गेलं की एप्रिलसुद्धा खरं बोलतो. मधल्या सगळ्यांशी खोटं बोलतो.

पण अंदाज वेगळा आणि बेरीज वेगळी. एप्रिलमधला विजय आणि सप्टेंबरमधला विजय, दोन्हींचं वजन एकच. २०२४ चा शेवटचा हिशेब बघा: मेट्स ८९, अटलांटा ८९, ॲरिझोना ८९. तिघांत दोघांना जागा, ॲरिझोना बाहेर. मेट्सचे ८८ असते तर ते बाहेर. आता ती ४ एप्रिलची मॅच आठवा, पाच पराभवांनंतरची, नवव्या इनिंगपर्यंत हातातून गेलेली. त्या दिवशी मी टीव्ही बंद करून झोपलो होतो. अलॉन्झोचा होमरन मला सकाळी कळला. ग्रिमेस, अटलांटाची ती आठवी इनिंग, मिलवॉकी, हे सगळं त्या एका विजयावर उभं होतं, आणि मी घोरत होतो.

आणि २०२५ ला एक विजय कमी पडला. एक. एप्रिलमधल्या कुठल्याही गारठलेल्या मंगळवारी हरलेली एखादी मॅच परत मिळाली असती तर पुरलं असतं. म्हणून एप्रिलमध्ये निष्कर्ष काढत नसलो, तरी मॅच मात्र मी सोडत नाही.

मॅनेजरला काढायला नको का?

दर एप्रिलला विचारतात. फिलाडेल्फियानं २०२२ ला २२-२९ असताना जो जिरार्डींना काढलं आणि संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत गेला. वॉशिंग्टननं २०१९ ला १९-३१ असताना डेव्ही मार्टिनेझना ठेवलं आणि संघ वर्ल्ड सिरीज जिंकला. तुम्हाला हवं ते उदाहरण उचला, मी दोन्ही उचललेली आहेत.

बाबा, आपण न्यू यॉर्कच्याच यांकीजचे का नाही? ते तर २७ वेळा जिंकलेत.

कारण बाबा दादरला वाढले. मुंबई रणजी करंडक ४२ वेळा जिंकलेली आहे, तेव्हा दुसऱ्यांना हरवून मिजास करण्याची हौस बाबांची लहानपणीच फिटली. इथे आल्यावर पहिल्या वर्षी ज्या घरात भाड्यानं राहिलो तिथले मालक मेट्सवाले होते, आणि हरल्यावर ते इतकं छान बोलायचे की मी वरच्या मजल्यावरून ऐकायला खाली जायचो. यांकीजवाला हरल्यावर तक्रार करतो. मेट्सवाला हरल्यावर किस्सा सांगतो.

एप्रिलमध्ये मुलांना मॅचला न्यावं का?

न्यावं. तिकिटं तेव्हाच परवडतात आणि रांगा नसतात. आम्ही मेट्रोपार्कहून गाडीनं पेन स्टेशनला जातो, तिथून लाँग आयलंडची गाडी थेट मैदानाच्या दारात सोडते. वेळ असला तर टाइम्स स्क्वेअरहून सात नंबरची सबवे घ्या; क्वीन्सात ती जमिनीवरून वर येते आणि खिडकीतून निम्मं जग दिसतं. दोन जोड मोजे, कानटोपी, आणि थर्मासमध्ये काय चालतं-नाही चालतं हे आधी बघून ठेवणं. लागार्डिया विमानतळ बाजूलाच असल्यामुळे दर थोड्या वेळानं डोक्यावरून विमान जातं. मॅच कंटाळवाणी असेल तर मुलं विमानं मोजतात. मेट्सच्या खेळाडूनं होमरन मारला की मागच्या बाजूला एक भलंमोठं लाल सफरचंद वर येतं. माझ्या लेकीला बेसबॉलमधलं सर्वांत आधी तेच कळलं. एकदा सगळी मॅच सफरचंद आलंच नाही, तेव्हा ती म्हणाली की ते थंडीनं आत बसलंय. मला तोवर ऐकलेल्या विश्लेषणांत ते सर्वांत बरं वाटलं.

आज मॅच आहे का?

हो. सात-दहाला. जेवणं आधी उरकून घेऊ.